चित्रपुस्तकातील ढग आणि अंगणातील पाऊस

मृग नक्षत्र आणि शाळेचे नवे वर्ष महाराष्ट्रात जवळजवळ एकाच वेळी सुरू होते. बालवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलासमोर निसर्गाचा एक मोठा पाठ आकाशातच उलगडलेला असतो. त्या पाठाची ओळख करून देण्याचे उत्तम साधन म्हणजे चित्रपुस्तक.

हे साधन जुने आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकात हवा आणि पाणी यांच्या जोडीला ढगांचाही पाठ होता. भारतात १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट व चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या संस्था स्थापन झाल्या आणि मुलांसाठी अल्प किमतीची सचित्र पुस्तके निघू लागली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाला परिसराची जोड दिली. ढगांच्या पाठालाही हीच जोड हवी.

याचे कारण असे की, चित्र जितके प्रभावी, तितकीच त्यातील चूक मनात रुजते. पावसाचा थेंब चित्रात बहुधा अश्रूसारखा टोकदार असतो. प्रत्यक्षात लहान थेंब गोल असतो आणि मोठा थेंब खालून चपटा होतो. ढग म्हणजे निव्वळ वाफ, ही समजूतही अशीच. बाष्प डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो अतिसूक्ष्म जलकणांचा किंवा हिमकणांचा समूह. पावसाच्या एका थेंबात असे सुमारे दहा लाख जलकण सामावतात. म्हणूनच प्रत्येक ढग बरसत नाही.

हा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात सुमारे ५०० मिलिमीटर. सह्याद्री चढताना वारे आपले बरेचसे पाणी पश्चिमेकडेच देऊन टाकतात. माणच्या मुलाने ढग आलेले आणि निघून गेलेले अनेकदा पाहिलेले असते. ‘ढग आला, पाऊस आला’ एवढेच सांगणारे पुस्तक त्याच्या अनुभवाला खोटे ठरविते. ‘मग पाऊस का पडला नाही?’ या त्याच्या प्रश्नाला वर्गात स्थान मिळाले पाहिजे.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. शिक्षकाने पुस्तकाचे एक पान दाखवावे, मुलांना बोलू द्यावे आणि मग वर्ग अंगणात न्यावा. रोज ठराविक वेळी मुलांनी आकाशाचे चित्र काढावे. आठवड्याची पाने शिवली की त्यांचे स्वतःचे चित्रपुस्तक तयार होते. पोषण आहाराच्या पातेल्यावरील झाकण मोठ्यांनी उचलून दाखविले की त्यावर जमलेले थेंब मुलांना पाहता येतात. सरळ कडांचे, सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवून पट्टीने पाणी मोजले की पर्जन्यमापक होतो.

ग्रामपंचायतीने दरवर्षी शाळेला व अंगणवाडीला काही चित्रपुस्तके द्यावीत आणि मुलांनी मोजलेला पाऊस पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हा हिशेब मोठ्यांनाही उपयोगी आहे. गावाचे पाणी जपण्याची जबाबदारी उद्या याच मुलांकडे जाणार आहे.