नाताळची सहल आणि घरचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी, हळदीकुंकवाच्या आधी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. सातवीपर्यंत शिकले, लग्न होऊन परळीला आले, आणि तेव्हापासून माझे भाषण काय ते भाजीवालीशी. परंतु आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "नाताळात तुम्ही सहा माणसं दीड हजारात फिरून आलात, ते कसं, तेवढं सांगा." आता ते सांगायचे तर त्याच्या आदल्या वर्षी काय झाले तेही सांगावे लागते, आणि ते सांगायला जिभेला थोडे जड जाते. तरी सांगते.

आमच्या ह्यांचे बाजारात शिलाईचे दुकान आहे. शिलाईचा पैसा कसा येतो हे तुम्हांला ठाऊक आहे. लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालते आणि पौषात दोन दोन दिवस भवानी होत नाही. अशा घरात सहलीचा विषय निघतो तो नेमका हातात चार पैसे आलेले असतात तेव्हा. २०२४ च्या डिसेंबरात तसेच झाले. धाकटे भावजी म्हणाले, नाताळची सुटी आहे, लेकरांना वेरूळ दाखवू. हे म्हणाले, दाखवू. मी विचारले, "खर्च किती येईल?" तर दोघेही हसले. "वर्षातून एकदा घराबाहेर पडायचं, त्यात काय हिशेब करायलीस?" मीही गप्प बसले. खरे सांगायचे तर मलाही जायचेच होते.

जीप ठरली. किलोमीटरला सोळा रुपये. परळीहून वेरूळ येऊनजाऊन पाचशे किलोमीटर धरले, म्हणजे आठ हजार. दोन घरांत वाटून चार चार. इथपर्यंतचा हिशेब तोंडी आणि तोही एका मिनिटात झाला. एवढ्यावर आम्ही मंगळवारी, २४ डिसेंबरला, पहाटे चार वाजता निघालो.

वेरूळच्या फाटकापाशी पोचलो तर फाटक बंद. मी वर मंगळवारी म्हटले, ते उगीच नाही. वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. ही गोष्ट काही गुप्त नाही, एका फोनवर कळली असती. पण आमच्यात कुणी विचारलीच नाही. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्याने शाळेच्या पुस्तकात कैलास लेण्याचे चित्र पाहिलेले, आणि तो फाटकाच्या गजाला धरून रडत उभा राहिला. आत्याबाईंनी मात्र शांतपणे पदर सावरला आणि म्हणाल्या, "वैजनाथाच्या दारातून निघून घृष्णेश्वराच्या दारात आलो, माझी यात्रा झाली." त्यांची झाली, पण लेकरांची व्हायची होती. म्हणून मुक्काम करायचा ठरले.

नाताळच्या आठवड्यात मुक्काम म्हणजे काय, ते तेव्हा कळले. खोलीचे भाव ऐकून हे दोनदा बाहेर आले आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने आत गेले. दुसऱ्या दिवशी नाताळ, सगळ्या महाराष्ट्राला सुटी, त्यामुळे गर्दी इतकी की कैलास लेण्यात हत्तीपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक पाहिल्या. दीड तासात बाहेर आलो, कारण तिसऱ्या दिवशी, २६ तारखेला, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि माझे उद्यापन होते.

घरी आल्यावर जीपवाल्याने कागद पुढे केला. रस्ता भरला पाचशे वीस किलोमीटर, पण भाड्याच्या गाडीला दिवसाचे किमान तीनशे धरतात. दोन दिवसांचे सहाशे, म्हणजे नऊ हजार सहाशे. चालकाचा भत्ता रोजचा तीनशे, म्हणजे सहाशे. टोल आणि गाडी उभी करण्याचे दोनशे. एकूण दहा हजार चारशे. तो मनुष्य काही लबाड नव्हता. आम्ही विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते. आमच्या वाट्याला पाच हजार दोनशे आले. खोलीचे बाराशे, सहा जणांचे दोन दिवसांचे खाणेपिणे एकवीसशे, आणि लेण्यांची तिकिटे, खेळणे, चहा, नारळ, असे किरकोळ नऊशे. नऊ हजार चारशे रुपये झाले. ह्यांच्या खिशात साडेचार हजार होते.

राहिलेले चार हजार नऊशे कुठून आले, हे मी त्या वेळी कुणाला सांगितले नव्हते. तुरीच्या डाळीच्या डब्याखाली एक पाकीट होते. मुलगी बारावीला होती, आणि तिच्या शिकवणीचा दुसरा हप्ता पाच हजार रुपये त्यात ठेवलेला. मी तो काढला. पाकिटात शंभराची एक नोट उरली. संक्रांतीपर्यंत भरून टाकू, असे मनाशी म्हटले. परवा उद्यापनाला सात जणींच्या हातावर ठेवायची केळीसुद्धा उधारीची होती, तिथे हप्ता कुठून भरणार?

जानेवारीत पोरगी शिकवणीला जाईना. आज डोके दुखते, उद्या पोट दुखते. पंधरा दिवस असे गेले. अकरा फेब्रुवारीला परीक्षा सुरू होणार आणि ही घरात बसलेली. शेवटी मी रागावले तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, तिथं सगळ्यांसमोर हप्ता विचारतात. राहू दे, मी घरीच करते अभ्यास." तिने पाकीट पाहिले होते. पाहून तिने ते पुन्हा डब्याखाली ठेवले होते आणि आम्हांला एक अक्षर बोलली नव्हती. मी त्या दिवशी माझ्या जाऊबाईंकडून उसने आणून हप्ता भरला. मुलगी पास झाली, पण तिला जिथे जायचे होते तिथे प्रवेश मिळाला नाही. त्या पंधरा दिवसांमुळेच, असे मी म्हणत नाही. पण कैलास लेण्याचे छायाचित्र पाहिले की माझ्या मनात येतेच.

आता दुसरी बाजू. आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती परिचारिका राहतात. आपल्यापैकी पुष्कळ जणी त्यांना ओळखतात, आपण त्यांना 'सिस्टर'च म्हणतो. त्यांचे माहेर अहिल्यानगरकडचे, आणि नाताळच्या उपासनेला त्या दरवर्षी तिकडे जातात. नाताळ म्हणजे त्यांची दिवाळीच. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, सगळे घरी होते, आणि आमच्या घरी ताट येते. मी त्यांना एकदा विचारले, "सिस्टर, तुम्ही एकट्या कमावणार, दोन लेकरं, आणि नाताळात तुमच्या तोंडावर कधी काळजी दिसत नाही, ते कसं?" त्यांनी कपाट उघडून दाखवले. त्यांना विचारूनच हे सांगते आहे.

कपाटात सहा पाकिटे. कपडे, फराळ, जाणेयेणे, चर्चचे दान, पाहुणे, असे एकेकावर लिहिलेले, आणि सहाव्यावर काहीच नाही. "हे कशाचं?" म्हटले, तर म्हणाल्या, "जे मला आज सुचत नाही, त्याचं." जुलैत त्या आधी आकडा ठरवतात, यंदाचा नाताळ एवढ्या रुपयांचा, आणि मग त्या आकड्यात काय बसते ते पाहतात. आपण उलटे करतो. आधी काय काय हवे ते ठरवतो आणि आकडा आपोआप मोठा होत जातो. कपडे त्या दिवाळी झाल्यावर घेतात, तेव्हा दुकानदार उरलेला माल कमी भावात काढतो. दारावरच्या चांदणीचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, तोच दरवर्षीचा. फक्त कागद नवा. 'पाहुणे' या पाकिटाचे मला नवल वाटले. त्यांच्या माहेरी नाताळच्या दिवसांत रात्री गाणी म्हणत मंडळी घरोघर येतात, वीस वीस माणसे. त्यांना चहा आणि फराळ द्यायचा असतो. तो खर्च कुणी कधी मोजत नाही, म्हणून त्यांनी त्याला पाकीट दिले.

मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितले. त्यांना फारसे पटले नाही. म्हणाले, "पाकिटांनी काय पैसा वाढतो?" वाढत नाही, हे खरे आहे. पण दिसतो. डब्याखालच्या पाकिटावर 'शिकवणी' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, तर मला वाटते माझा हात थांबला असता.

गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, वैजनाथाचे दर्शन घेऊन आल्यावर, मी एका पाकिटावर 'नाताळ' लिहिले आणि दर सोमवारी शंभर रुपये टाकायचे ठरवले. डिसेंबरच्या २२ तारखेपर्यंत बावीस सोमवार होतात. दोन सोमवार सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत गेले, त्या दिवसांत दुकानात कोण येणार? एक दिवाळीत गेला. एकोणिसशे रुपये जमले. मग सर्वांना बसवून सांगितले की, एवढे आहेत, यात कुठे जाता येईल ते सांगा. मुलाने गोवा म्हटले. म्हणू दिले. शेवटी अंबाजोगाई ठरली, घरापासून पंचवीस सव्वीस किलोमीटर.

आता एसटीचा हिशेब नीट ऐका, हा आपल्या उपयोगाचा आहे. २०२५ च्या जानेवारीत भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले, हे आपण सगळ्या जाणतो. पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे आहे. आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना प्रवास मोफत आहे. आधारकार्ड मात्र बरोबर हवे. आमच्या घरात मामंजी सत्त्याहत्तर वर्षांचे, त्यांचे काही नाही. आत्याबाई, मी, मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा, चौघांची दोन तिकिटे. ह्यांचे एक. सहा माणसे आणि तिकिटे तीन! येऊनजाऊन सुमारे तीनशे रुपये झाले. जीपला हे गणित लागू नाही.

२५ डिसेंबरला, गुरुवारी, सकाळच्या गाडीने निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट पिठले बरोबर होते. त्याचा खर्च मी सहलीत धरलेला नाही, तो घरखर्चातला. कुणी म्हणेल ही लबाडी झाली, तर होऊ दे.

योगेश्वरीची ओटी भरली. मग रिक्षा ठरवली. कुठे कुठे जायचे, किती वेळ थांबायचे आणि एकूण किती, हे बसण्याआधी विचारले. ह्यांनीच विचारले. पाचशे रुपयांत मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखाना. तिथे आत्याबाईंनी मुलांना ती जुनी गोष्ट सांगितली. आपल्या वैजनाथाशी योगेश्वरीचे लग्न ठरले होते, पण वऱ्हाड वेळेवर पोचले नाही, मुहूर्त टळला, देवी तिथेच कुमारिका राहिली आणि सगळे वऱ्हाड दगड होऊन बसले. ते हे दगडी हत्ती. मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे त्यांनीपण आधी विचारलं नव्हतं." आमचे हे इतके हसले की मागच्या वर्षीची अढी तिथे थोडी सुटली.

परतताना आत्याबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. नवी चप्पल एकशे ऐंशीची. कुणाचेही तोंड उतरले नाही, कारण त्यासाठी मी नाव न लिहिलेले पाकीट वेगळे आणले होते. ओटीचे दीडशे, मुलांच्या खाऊचे दोनशे चाळीस, चहाचे एकशे वीस. सगळे मिळून चौदाशे नव्वद झाले, आणि चारशे दहा उरले.

एकदोन गोष्टी राहिल्या, त्या घाईने सांगते. गाडी भाड्याने घ्यावी लागलीच तर किलोमीटरचा दर विचारून थांबू नका. दिवसाचे किमान किती धरता, भत्ता किती, रात्रीचे काय, टोल कुणाचा, हे चारही विचारा आणि कागदावर घ्या. दोन घरे मिळून जाणार असाल तर वाटणी निघण्याआधी ठरवा. नंतर ठरवली की नाती दुखावतात. आणि बचतगटाचे कर्ज शेळीसाठी घ्यावे, शिलाई मशीनसाठी घ्यावे, सहलीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी घेतले आहे त्यांनी माझ्यावर रागावू नये.

यंदा वेरूळ पुन्हा करायचे आहे. लेण्यांचे तिकीट मोठ्या माणसाला चाळीस रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना पडत नाही, म्हणजे मुलाचे लागणार नाही. परभणीवरून रेल्वेने जावे असा विचार आहे, आणि नाताळच्या आठवड्यात न जाता त्याच्या आधी. उरलेले चारशे दहा नव्या पाकिटात घातले. त्यावर काय लिहू म्हणून मुलीला विचारले, तर तिने माझ्या हातून पेन घेतले आणि लिहिले, 'वेरूळ. मंगळवार सोडून.' शेजारी तिचे स्वतःचे पाकीट आहे, त्यावर 'कॉलेज' असे लिहिले आहे, आणि ते आता डब्याखाली नसते, देवघराच्या फळीवर असते.

वाण वाटायची वेळ झाली आहे, आणि मागे बसलेल्या भगिनी कधीच्या चुळबुळ करीत आहेत. मी आपली रजा घेते.