पारणं नसलेला उपास
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, परभणीच्या उन्हाळ्यात, पारा 44 च्या घरात असताना पाण्यावर बोलणं म्हणजे श्रोत्यांचा अंत पाहणंच. पण दुष्काळावर नाही बोलणार. घरात रांजण भरलेला आहे आणि तरी पाणी प्यायची मुभा नाही, अशा माणसांबद्दल बोलायचं आहे.

मूत्रपिंडं निकामी झाली की आठवड्यातून साधारण तीनदा, दर खेपेला चारेक तास डायलिसिस. जिल्हा रुग्णालयांतून आणि महात्मा फुले योजनेतून ते होऊ लागलं, ही मोठीच सोय झाली. पण मधल्या दिवसांत प्यालेलं पाणी अंगातच राहतं. पायांवर सूज चढते, फार झालं तर ते फुप्फुसात उतरतं आणि रात्री आडवं पडवत नाही. म्हणून माप: आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं, वर अर्धा लिटर. हा ढोबळ हिशेब. नेमका आकडा ज्याचा त्याचा डॉक्टर सांगतो. चहा, ताक, पातळ वरण सगळं त्यातच धरायचं.

गंगाखेडकडचे एक निवृत्त गुरुजी माझ्या ओळखीचे आहेत. दिवसाचं पाणी ते सकाळीच एका बाटलीत भरून ठेवतात. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून तुळशीला घालतात. आधी त्यांना मधुमेह होता. बऱ्याच जणांची वाट तिथूनच इकडे येते. तेव्हा गूळ सुटला, त्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पौषात आगटीभोवती बसायचे, गरम कणसं तळहातावर चोळून दुसऱ्यांना दाणे द्यायचे. कोवळ्या दाण्यातल्या साखरेचं पीठ व्हायच्या आत तो खायचा, म्हणून हुरडा गोड, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. पाण्यानं मात्र त्यांना माणसांतून उठवलं. आपल्याकडे पाहुणा ओसरीवर टेकायच्या आत तांब्या-फुलपात्र पुढे येतं. नाही म्हटलं की यजमान दुखावतो, कारण सांगितलं की घरभर हळहळ. गुरुजींनी लोकांकडे जाणंच सोडलं.

आपला मुलूख उपासतापासांचा. सोडण्याला इथे मान आहे, म्हणून आजाऱ्यालाही आपण चटकन संतांचे दाखले देतो. मला हे पटत नाही. एकादशी माणूस आपण होऊन धरतो आणि द्वादशीला सोडतो. पथ्याला ना संकल्प, ना पारणं. ज्यानं काही त्यागलेलंच नाही, ज्याच्याकडून ते काढून घेतलं गेलं, त्याला त्यागी म्हणून गौरवू नये. त्याला चार दिवस चिडू द्यावं.

कुमार गंधर्वांचं उदाहरण वक्त्यांना फार आवडतं. क्षयानं गाठलं, 1948 साली ते देवासला आले, पाचेक वर्षं गाणं बंद. अंथरुणावरून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली आणि नवं गाणं घेऊन उठले. खरं आहे, थोर आहे. पण स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि कुमारांचं पथ्य संपलं. गुरुजींचं संपणारं नाही. त्यांच्यापुढे ही गोष्ट सांगताना जरा जपून.

मग करायचं काय? एक साधं सांगतो. तहान बरीचशी मिठानं वाढते. लोणचं, पापड, ठेचा घरातल्या सगळ्यांच्याच ताटातून कमी झाले तर आजाऱ्याला वेगळं पान मांडून बसावं लागत नाही. आपली ज्वारीची भाकरी बिनमिठाची, हे त्यातल्या त्यात नशीब. मीठ कमी करायचं म्हणून बाजारातलं पोटॅशियमवालं ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं.

दुसरं तुमच्या हातात आहे. असा माणूस घरी आला तर पाणी एकदा विचारा, आग्रह करू नका, आणि कारण तर मुळीच विचारू नका. येत्या पौषात हुरड्याला त्यालाही बोलवा. ‘त्याला कुठे चालतं’ असं परस्पर ठरवून त्याचं नाव गाळू नका. यायचं की नाही, ते त्याचं तो बघेल.