चिनी जंक आणि अपंग खलाशी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका वृद्ध स्नेह्यांनी मला विचारले, "जंक म्हणजे भंगारच ना? त्यावर तासभर काय बोलणार?" तो भंगाराचा जंक वेगळा. आपला जंक म्हणजे चिनी समुद्रावरचे शिडाचे लाकडी जहाज. जावा-मलायाकडचा 'जोंग' हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्यामुळे तो युरोपभर झाला. असे जहाज परंपरेला धरून बांधायचे, आणि तरीही चाकांच्या खुर्चीत बसणारा, डोळ्यांनी न दिसणारा किंवा एकाच हाताने काम करणारा माणूस त्यावर खलाशी म्हणून वावरू शकेल असे बांधायचे, हे कसे साधेल याचा आज विचार करू.

मी 'खलाशी' म्हटले, 'उतारू' म्हटले नाही. अपंग माणसाला उचलून बोटीत ठेवणे, किनाऱ्याकाठी फिरवून आणणे आणि गोड बोलून निरोप देणे यात दया आहे, आणि दयेला मी नावे ठेवीत नाही. परंतु ज्याच्या हाती दोरी दिली नाही, त्याने जहाज हाकले असे म्हणता येणार नाही.

प्रथम शीड पाहू. युरोपातील चौकोनी शिडांच्या जहाजांवर वारा वाढला की खलाशांना डोलकाठीवर चढून, आडव्या वाशावर ओणवे होऊन कापड गुंडाळावे लागे. आपल्या अरबी समुद्रातील तिकोनी शिडाच्या गलबतावर तो लांबलचक वासा डोलकाठीच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला न्यायचा म्हणजे दांडगे गडी हवेत. चिनी शिडाची रीत निराळी. त्याला ठरावीक अंतरावर बांबूच्या आडव्या काठ्या बांधलेल्या असतात. आपल्या दारावरचा चिकाचा पडदा डोळ्यांपुढे आणा. वारा वाढला की वर ओढणारी दोरी सैल सोडायची. शीड आपल्याच वजनाने घडी घालीत खाली येते आणि दोऱ्यांच्या झोळीत विसावते. कोणी वर चढत नाही. काठ्यांपासून निघालेल्या दोऱ्या मागे एकत्र येतात, म्हणून एका जागी बसून सारे शीड आवरता येते. एका खणात कापड फाटले तरी बाकीचे खण वारा धरून ठेवतात.

याचा पुरावा अटलांटिक महासागराने दिला आहे. 1960 साली इंग्लंडहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने शिडाची होडी नेण्याची शर्यत झाली. तीत हॅसलर नावाच्या निवृत्त नौसैनिक अधिकाऱ्याने आपल्या 25 फुटी 'जेस्टर' होडीवर असे चिनी शीड चढवले होते. 48 दिवसांत तो पोहोचला आणि दुसरा आला. त्याने सगळ्या दोऱ्या खोलीच्या झाकणापाशी आणून ठेवल्या होत्या. शीड लहानमोठे करायला त्याला बाहेर पडावे लागत नसे. हॅसलर धडधाकट होता. पण बसल्या जागेवरून महासागर ओलांडता येतो हे त्याने दाखवले, ते कोणासाठी अधिक महत्त्वाचे आहे हे मी सांगायला नको.

या शिडात एक दोष आहे. बांबूंमुळे ते जड होते आणि वर चढवताना घाम काढते. त्याला उपाय म्हणजे दोरी गुंडाळण्याचे दातेरी चाकांचे रहाट. मात्र तो रहाट उभ्या माणसाच्या छातीला न लावता बसलेल्या माणसाच्या हाताला लावायचा.

सुकाणूचेही तसेच. दक्षिण चीनमधील जहाजांच्या रुंद सुकाणूला चौकटीच्या आकाराची भोके पाडलेली असतात. त्यांतून थोडे पाणी निघून जाते, आणि दांडी वळवायला जोर कमी लागतो. हे शहाणपण अपंगांसाठी निघालेले नव्हते. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर अनेक कुटुंबे पाण्यावरच जन्मत, पाण्यावरच संसार करीत. बायका, म्हातारे, पोरे सगळ्यांनाच बोट हाकावी लागे. रांगती मुले पाण्यात पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवीत, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

येथवर सगळे सोयीचे झाले. आता अडचण सांगतो. चिनी सुतार जहाजाच्या पोटात बांबूच्या पेरांसारख्या आडव्या भिंती घालतात. एका कप्प्याला भोक पडले तर तेवढाच कप्पा भरतो आणि जहाज तरते. 1974 साली फुकिएन प्रांतात छ्वानचौ बंदराजवळच्या गाळातून तेराव्या शतकातले एक जहाज उकरून काढण्यात आले. त्यात 12 भिंती आणि 13 कप्पे होते. भिंतीच्या फटी ताग, चुना आणि तुंग झाडाच्या बियांचे तेल यांच्या लुकणाने बुजवतात. ही विद्या जाणणारे कारागीर इतके थोडे उरले की 2010 साली युनेस्कोने तिची नोंद तातडीने जपण्याच्या वारशात केली.

आता या भिंतीत चाकांची खुर्ची जाईल एवढे दार पाडले, की भिंत भिंत राहत नाही. पाणी अडवणारे लोखंडी दार लावावे, तर त्याला उंच उंबरठा हवा, आणि उंबरठा हाच खुर्चीचा वैरी. जी गोष्ट जहाजाला वाचवते तीच माणसाला अडवते. मग काय करावे?

याचे उत्तर आपल्या चाळीत आहे. चाळीतल्या एका खोलीतून दुसरीत जाण्यासाठी कोणी मधली भिंत फोडत नाही. गॅलरीत येतो आणि शेजारच्या दाराने आत जातो. जहाजाचा वरचा तक्ता ही गॅलरी समजावी. मधला, सर्वांत रुंद कप्पा माणसांसाठी राखावा: तिथे निजण्याच्या फळ्या, जेवणाचे टेबल, खुर्ची वळेल एवढे शौचकूप, आणि वर-खाली नेणारा पाळणा. पाणी, शिधा, इंजिन पुढच्या-मागच्या कप्प्यांत. या मधल्या कप्प्याच्या तोंडावर छोटी खोली बांधून तिच्या दाराला दोन्ही अंगांनी उतार द्यावा. तक्ता टोकांकडे उंच चढतो, तो मधल्या भागात सपाट ठेवावा. खुर्ची अडकवायला जमिनीत कड्या, आंधळ्याच्या पावलाला वाट सांगणाऱ्या उठावाच्या पट्ट्या, आणि दिशा बोलून दाखवणारे होकायंत्र असावे.

जुन्या गोष्टींचा अभिमानी विचारील, मग ती परंपरा कसली राहिली? मी त्याला नम्रपणे सांगेन, की उत्तर चीनचा उथळ समुद्र पाहून सुतारांनी सपाट बुडाची जहाजे बांधली आणि दक्षिणेचा खोल समुद्र पाहून निमुळत्या बुडाची. पाणी बघून, माल बघून बांधणी बदलणे हीच त्यांची परंपरा. माणूस बघून ती बदलली तर त्या सुतारांना राग येण्याचे कारण नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. इंग्लंडमध्ये 1978 साली ज्युबिली सेलिंग ट्रस्ट स्थापन झाला. त्याने 'लॉर्ड नेल्सन' हे तीन डोलकाठ्यांचे जहाज बांधले. ते 1985 साली पाण्यात उतरले. धडधाकट आणि अपंग अशा जोड्या लावून दोघांनाही पहाऱ्याचे काम दिले जाई. खुर्चीतल्या माणसाला खुर्चीसकट दोराने डोलकाठीवर चढवीत! 2000 साली उतरलेले 'टेनेशियस' हे दुसरे जहाज लाकडाचे. त्याच्या बांधणीतच अपंगांनी हात लावला होता. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. जो रंधा मारतो, दोर वळतो, फटी भरतो, त्याला त्या जहाजावर पुढे 'पाहुणा' कोण म्हणेल?

दुर्दैवाने 2023 साली पैशाअभावी त्या संस्थेला काम थांबवावे लागले. त्यातून एक धडा घ्यावा: असे जहाज बांधण्यापेक्षा ते चालते ठेवणे महाग. दर वर्षी लाकूड बदलावे लागते, शिडे शिवावी लागतात. म्हणून देणगीदाराने पहिल्या दिवशी फोडलेल्या नारळापेक्षा दहाव्या वर्षी दिलेला डांबराचा डबा मोठा.

शेवटी एकच सांगतो. उतार, रुंद वाट, हाताशी असलेली दोरी या गोष्टी जहाजाचा पाठीचा कणा घालतानाच ठरवल्या तर त्यांचा खर्च थोडा येतो. जहाज तयार झाल्यावर आठवल्या तर जहाज फोडावे लागते, नाहीतर माणसाला उचलावे लागते. आपल्याकडे 2016 साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. नाव बदलले, पायऱ्या पुष्कळ ठिकाणी तशाच आहेत. आज या सभागृहात येताना आमच्या एका मित्राला चौघांनी खुर्चीसह उचलून आणले. चौघेही प्रेमाने आले होते. पण व्याख्यान ऐकायला येण्यासाठी ज्याला चार माणसांची वाट पाहावी लागते, तो येथे उतारू म्हणूनच येतो. पुढच्या वसंतात तो आपला आपण यावा, एवढी व्यवस्था आपण सुतारांना सांगून करू या.