बिल बघितलं, पट्टी नाही बघितली! ऑईल चेंजनंतरची दहा मिनिटं

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त माझे "म्हणजे" आणि "बेसिकली" थोडे कमी केलेत.)

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून मला ऐकत असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. कारण गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन चालू आहे, आणि त्या इंजिनाच्या पोटात जे ऑईल आहे ना, त्याच्याबद्दलच आज बोलायचंय.

सुरुवात एका खोटं बोलण्यापासून करतो. माझ्याच.

आमच्याकडे बाबांची एक पेट्रोल गाडी आहे. छोटी हॅचबॅक, दहा वर्षांची. बाबांनी रिटायर व्हायच्या आधी घेतलेली, त्यामुळे तिचे लाड माझ्यापेक्षा जास्त होतात. एका शनिवारी मी ती ऑईल चेंजला नेली. नेहमीचं गॅरेज, ओळखीचे मामा. म्हटलं, या वेळी फुली सिंथेटिक टाका, पैशांचं बघू नका. गाडी तिथे सोडली, समोर चहा घेतला, फोनवर रील्स बघितले. तासाभराने बिल आलं. ऑईल साडेतीन लिटर, फिल्टर एक, मजुरी. पैसे दिले, घरी आलो.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "ऑईल बघितलंस का रे?"

मी म्हटलं, "हो बाबा, बघितलं."

मी बिल बघितलं होतं. ऑईल नव्हतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो. कात्रजचा नवा बोगदा, शिरवळ, खंडाळा, सगळं मस्त. खंबाटकीचा चढ लागला आणि एका वळणावर डॅशबोर्डवर तो लाल दिवा लागला. चहाच्या किटलीसारखं चित्र असतं ना, नळीतून थेंब पडतोय, तो. क्षणभर लागला आणि गेला. पुढच्या वळणावर परत. मी म्हणणार होतो, "वर पोचल्यावर बघू." बाबा म्हणाले, "आत्ता थांबव. बंद कर."

कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दहा मिनिटं थांबून ऑईलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढली. पुसली, परत घातली, काढली. कोरडी! अगदी टोकाला जरासा ओलसरपणा. खाली वाकून बघितलं तर चेंबरचा ड्रेन नट आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं तेलाने माखलेलं.

बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू बघितलं होतंस ना?"

"बिल बघितलं होतं," मी म्हटलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. टू-व्हीलरवाल्या एका भल्या माणसाने खाली खंडाळ्यातून मेकॅनिक आणून दिला. त्याने नटाला नवा वॉशर टाकला, नट आवळला, ऑईल भरलं. जवळजवळ दोन लिटर गेलं. इंजिन वाचलं, कारण दिवा लागल्यावर मिनिटभरात ते बंद झालं होतं. "वर पोचल्यावर बघू" केलं असतं, तर इंजिनच्या कामाचा खर्च दहा वर्षांच्या त्या गाडीच्या किमतीच्या आसपास गेला असता.

सगळ्यात जास्त लागलं ते नंतर. घरी परतलो, तर आमच्या पार्किंगमध्ये हाताच्या पंजाएवढा डाग पडलेला. सकाळी सामान भरताना मी त्याच्यावरून चाललो होतो.

तो लाल दिवा काय सांगतो?

बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं, की ऑईल कमी झालं की तो दिवा लागतो. बहुतेक गाड्यांत तो दिवा दाबाचा असतो. ऑईल किती आहे हे तो मोजत नाही. ऑईलचा पंप खालच्या चेंबरमधून तेल ओढतो आणि दाबाने वर बेअरिंगांपर्यंत पोचवतो. तेल खूपच कमी झालं की वळणावर ते एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, दाब पडतो आणि दिवा लागतो. म्हणून तो आधी वळणावर लागला, सरळ रस्त्यावर गेला.

याचा अर्थ, दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. तो लाल दिवा लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही. सुरक्षित जागा बघून कडेला घ्यायची आणि इंजिन बंद. मग फोन, मग बाकीचं.

आता बघायचं कसं?

आपण पुण्यात राहतो. पिंपरीत, चाकणमध्ये गाड्या बनतात. वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ पासूनची संस्था, जिथे देशभरातल्या गाड्यांची चाचणी होते. आणि आपल्यापैकी कितीतरी जणांनी स्वतःच्या गाडीचं बॉनेट एकदाही उघडलेलं नाही! चला, आज उघडूया.

गॅरेजमध्येच सुरुवात करा. कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगा. सील बघा, ग्रेड बघा, फोटो काढा. जुना फिल्टर निघाला आणि नवा लागला, हे बघा. ड्रेन नटाचा वॉशर नवा टाकणार का, हे विचारा. पाच-पंचवीस रुपयांची वस्तू असते, पण माझी सगळी कथा तिथूनच सुरू झाली. आणि कॅनमध्ये उरलेलं ऑईल घरी आणा, ते तुमचं आहे. पुढे थोडं टॉप-अप करायला तेच कामी येतं.

ऑईल भरून झालं की लगेच पट्टी बघून खूश होऊ नका. नवा फिल्टर बऱ्याचदा रिकामाच बसवलेला असतो, तो भरायला थोडं तेल लागतं. एक मिनिट इंजिन चालू ठेवा, दिवा विझला ना बघा, बंद करा. मग पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरेल. गाडी सपाट जागेवर हवी. सोसायटीच्या उतारावर उभी केलीत तर पट्टी खोटं बोलणार.

पट्टी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते धरायचं नाही, पुसून घातल्यावरचं धरायचं. दोन खुणा असतात, किमान आणि कमाल. त्या दोन्हींच्या मध्ये तेल पाहिजे. ताज्या ऑईल चेंजनंतर वरच्या खुणेच्या जवळ असलेलं चांगलं. दोन्ही बाजू बघा. वेगळ्या दिसल्या तर कमी असलेली बाजू खरी माना.

इथे एक अडचण येते. नवं सिंथेटिक ऑईल इतकं पारदर्शक असतं की पट्टीवर दिसतच नाही. मग पट्टी आडवी धरा, उजेडात थोडी तिरकी करा, किंवा पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. ओला डाग कुठपर्यंत उमटला ते कळतं.

वरच्या खुणेच्या बरंच वर गेलं असेल तर "जास्त आहे ना, बरंच आहे" असं म्हणू नका. तेल फार वर आलं की खाली फिरणारी क्रँकशाफ्ट ते घुसळते, ताकासारखा फेस होतो. फेसात हवा असते आणि हवेने बेअरिंगला वंगण मिळत नाही. जास्तीचं काढायला लावा. काही नव्या गाड्यांना पट्टीच नसते, तिथे स्क्रीनवर बघायचं. कसं, ते गाडीच्या पुस्तकात असतं.

आणि रात्री? कालचा पेपर गाडीखाली, इंजिनच्या भागात पसरून ठेवा. सकाळी गाडी हलवायच्या आधी बघा. कोरडा असेल तर छान. तपकिरी थेंब असेल तर गाडी काढायची नाही, गॅरेजला फोन लावायचा. एसीचं पाणी पण पडतं हं, ते नुसतं पाणी असतं, घाबरू नका.

मग शंभरेक किलोमीटर झाल्यावर एकदा पट्टी बघा, त्यानंतर महिन्यातून एकदा, आणि घाटात जायच्या आधी नक्की.

पट्टी काय सांगत नाही?

पट्टी किती ते सांगते. कोणतं, ते सांगत नाही. बोटांत चोळून, वास घेऊन, रंग बघून ऑईल सिंथेटिक आहे की मिनरल, हे तुम्हाला-मला कळत नाही. कुणी म्हणत असेल "मी बोट लावून सांगतो," तर त्याला चहा पाजा आणि सोडून द्या. म्हणून कॅन समोर फोडणं महत्त्वाचं.

रंगावरून घाबरूही नका. डिझेल गाडीत नवं ऑईल लगेच काळं होतं, काजळीमुळे. ते आपलं काम करतंय. पण दुधाळ, चहात दूध टाकल्यासारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट गेलेलं असू शकतं. गाडी चालवू नका, दाखवून घ्या.

कॅनवरचे आकडे वाचायला शिका. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड असताना तेल किती सहज वाहतं त्याचा, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती घट्ट राहतं त्याचा. "पुण्यात कुठे बर्फ पडतो, मग घट्टच टाका ना," असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेडच टाका. सोबत एपीआयचं मानक लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ एसपी, जे २०२० मध्ये आलं. पुस्तकात जे मागितलंय ते किंवा त्याच्या पुढचं चालतं.

आणि "सिंथेटिक" या शब्दाची एक गंमत. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती, की खनिज तेलावरच जास्त प्रक्रिया करून बनवलेल्या तेलाला सिंथेटिक कसं म्हणता? १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात परीक्षण संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे कॅनवरचा "फुली सिंथेटिक" हा शब्द एकच एक वस्तू सांगत नाही. शब्दापेक्षा ग्रेड आणि मानक बघा.

अजून एक भीती. सिंथेटिकमध्ये मिनरल मिसळलं की दही होतं म्हणे! एपीआय मानकाची ऑईल्स एकमेकांत मिसळतील अशीच बनवावी लागतात. खंडाळ्यात आम्हाला फुली सिंथेटिक मिळालं नाही, त्याच ग्रेडचं सेमी-सिंथेटिक टाकलं आणि घरी आलो. रोजची सवय करू नका, पण अडचणीत कोरड्या इंजिनापेक्षा मिसळलेलं तेल लाख पटीने बरं.

खरा धोका मला वेगळाच वाटतो. महाग ऑईल टाकलं की आपण निर्धास्त होतो. "आता वर्षभर बघायला नको." सिंथेटिक जास्त दिवस टिकतं, मान्य. पण गळतीतून ते मिनरलइतकंच गळतं, आणि जुनं इंजिन तेही पितं. उलट दोन ऑईल चेंजमधलं अंतर वाढलं, म्हणजे मध्ये पट्टी बघायची गरज वाढली. आणि नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. कोथरूड ते डेक्कन रोज करणाऱ्यांचे किलोमीटर कमी होतात, इंजिनचे तास नाही. पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी येईल ते धरा.

मामांचं काय झालं?

त्यांना घाटातून फोन केला तेव्हा म्हणाले, "असं होऊच शकत नाही." सोमवारी गाडी बघितली आणि गप्प झाले. मग स्वतःच म्हणाले, की नव्या पोराने नट हाताने लावला, तेवढ्यात त्याला दुसऱ्या गाडीवर बोलावलं, आवळायचा राहिला. वॉशरही जुनाच होता. नवं ऑईल, नवा फिल्टर, सगळं परत टाकून दिलं, एक रुपया घेतला नाही. काढलेलं जुनं तेल गटारात न टाकता ड्रममध्ये साठवून रिसायकलिंगवाल्याला देतात, तेही मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी अजून त्यांच्याकडेच जातो. आधी मला वाटायचं, उभं राहून बघितलं तर माणसाला वाईट वाटेल, विश्वास नाही असं वाटेल. आता ते स्वतः हाक मारतात, "ये, पट्टी बघून घे." त्या पोरालाही ते आता गाडी देण्याआधी नटावर पाना फिरवून दाखवायला लावतात. मी बघतो तेव्हा त्यांचीही एक चूक पकडली जाऊ शकते, हे त्यांनाही पटलंय.

तर मंडळी, आजचा गृहपाठ सोपा आहे. आज रात्री गाडीखाली पेपर, उद्या सकाळी पट्टी. स्वतःची गाडी नसेल तर घरातल्या कुणाची तरी बघा. बाईकला पण चालेल, तिथे पट्टी किंवा छोटी काच असते.

परवाच परत ऑईल चेंज केलं. रात्री बाबांनी विचारलं, "बघितलंस का?" मी फोन पुढे केला. टिश्यूवर ठेवलेल्या पट्टीचा फोटो. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितला, आणि तरीही चपला घालून खाली पार्किंगमध्ये गेले.

मीही गेलो मागोमाग, टॉर्च घेऊन.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, सावकाश चालवा.