वासराचं अंथरूण
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

आज बचत-हप्त्याचं नाही, वासरांचं बोलायचंय. आपल्या निफाडकडे थंडीत पारा ५-६ अंशांवर येतो, हे मी काय सांगणार? पहाटे धारा काढायला तुम्हीच उठता.

आधी माझी चूक सांगते. मागच्या हिवाळ्यात एका ताईंनी विचारलं, वासरू मोकळ्या छपरात बांधलंय, काय करू? मी म्हटलं, चारी बाजूंनी प्लास्टिक लावून घट्ट बंद करा. त्यांनी केलं. चार-पाच दिवसांत आत मुताचा वास डोळ्यांना झोंबायला लागला, प्लास्टिकला आतून पाणी सुटलं आणि वासराला धाप लागली. न्यूमोनिया झाला. गटाच्या कर्जातून घेतलेल्या गाईची पहिली कालवड होती, गेली. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. नंतर मी जनावरांच्या डॉक्टरांकडे बसून सगळं नीट विचारून घेतलं.

वाऱ्याची बाजू, बहुतेक करून उत्तरेची, वासराच्या उंचीपर्यंत गोणपाटाने नाहीतर कडब्याच्या पेंढ्यांनी झाका. वर मोकळं ठेवा, कोंडलेली हवा बाहेर गेली पाहिजे. गोठ्यात शेकोटी नको. धूर छातीत जातो, आणि कडब्याशेजारी विस्तव म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

खरं काम अंथरुणाचं. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचं भुसकट, जे असेल ते. वासरू बसल्यावर पाय त्यात बुडाले पाहिजेत एवढं जाड. ओलं झालंय का बघायला गुडघा टेकून बसा आणि वीसपर्यंत मोजा. गुडघ्याला ओल लागली तर बदला. बाळाचं दुपटं आपण बदलतोच ना!

नुकतं जन्मलेलं वासरू गाईने चाटलं नाही तर कोरड्या गोणपाटाने खसाखसा पुसा. आणि जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, हे कृपा करून सोडा. पहिला चीक दोन तासांच्या आत पोटात गेला पाहिजे. दिवसभरात वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर.

आता थोडं कडू. डेअरीला माप जास्त भरावं म्हणून वासराचं दूध तोडतो आपण. थंडीत अंग गरम ठेवायलाच त्याचं दूध खर्च होतं, तेव्हा उलट थोडं जास्त द्यायचं, आणि कोमट.

रात्री गोणपाटाची झूल घाला, ऊन आलं की काढा. ओली झूल परत घालू नका. कान गार, अंगाला थरथर, दुधाला तोंड लावत नाही, असं दिसलं की थर्मामीटर लावा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०० च्या खाली गेलं तर अंग चोळून ऊब द्या आणि लगेच १९६२ ला फोन करा. फोन फुकट आहे.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे वासरू आहे त्यांनी एकेक कोरडं बारदान घेऊन या. झुली तिथेच शिवू. दाभण आणि सुतळी मी आणते.