टायबरच्या खोऱ्यात पडलेला माणगावचा पोरगा

वाशिमवरून बोलतोय. आजचा भाग छोटाच आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

१० जुलै १९४४. दुसरं महायुद्ध सुरू आहे. इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चालून जाते. त्यातल्या एका तुकडीचा प्रमुख आहे नाईक यशवंत घाडगे. गाव माणगाव तालुक्यातलं, आजच्या रायगड जिल्ह्यातलं. वय २२. म्हणजे आपल्यापैकी अनेकजण स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरतात, ते वय.

अगदी जवळून मशीनगन सुरू होते. तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी. यशवंत एकटाच उभा. तो थांबत नाही. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडतो, पुढे धावतो, एकाला गोळी घालतो. मॅगझिन बदलायला वेळ नाही, म्हणून बंदूक नळीकडून धरतो आणि उरलेल्या दोघांना तिनंच मारतो. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागतात आणि तिथंच तो जातो.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर मात्र कुठंच नाही. इटलीतल्या कसिनो इथल्या स्मारकावर फक्त नाव आहे. ज्यांची कबर सापडली नाही, अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथं कोरलीत.

आता एक प्रश्न नेहमी येतो. "हे तर इंग्रजांसाठी लढले, मग आपण कशाला आठवायचं?" प्रश्न चुकीचा नाही. देश गुलाम होता आणि त्यांना युद्धात उतरवायचं की नाही, हे भारतीयांनी ठरवलंच नव्हतं. पण मला वाटतं, राज्य कुणाचं होतं हा हिशेब वेगळा आणि घरी परत न आलेला पोरगा वेगळा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर कशाला काढायचा? शिवाय समोर हिटलरची फौज होती, हेही विसरू नका.

इटलीतल्या लोकांनी त्याला आठवलं. २०२३ मध्ये मोंतोने या गावात त्याच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. माणगावात त्याचा पुतळा आहे. पण त्याला पदक होतं, म्हणून नाव टिकलं. त्याच दिवशी त्याच्या तुकडीतले जे पडले, त्यांची नावं आपल्याला येतात का?

म्हणून एक काम सांगतो, मोबाईल हातात आहेच. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नावानं शोधता येतं, पैसे लागत नाहीत. आणि त्याआधी घरातल्या आजी-आजोबांना विचारा. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठंही असा, "आपल्या गावातून फौजेत कोण गेलं होतं, कोण परत आलं नाही?" एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर लगेच रेकॉर्ड करून ठेवा. सांगणारे आता थोडेच उरलेत, बाप्पा.

भेटू पुढच्या भागात.