पावती कोणाच्या नावाची?

(इंदिरानगर, नाशिक येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज एका ताईची हकीगत सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही.

ही ताई जुन्या नाशकातल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायची. सासऱ्यांच्या काळापासूनची भाड्याची जागा, पावती नवऱ्याच्या नावावर. नवरा वारला, भाडे ती भरत राहिली. रविवार कारंजाजवळच्या चार घरी पोळ्या करायला ती पायी जायची. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडे कोसळतात, महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, हे आपल्याला माहीत आहे. मालक म्हणाले, "ताई, वाडा दुरुस्त करायचाय. सहा महिने बाहेर राहा, मग खोल्या तुमच्याच." ती इथे इंदिरानगरला बहिणीकडे आली.

परत गेली तर नवी फरशी, संडास घरात, ओट्याशी नळ. बाई हरखली. मालकांनी पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली. तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार होता. मुदत संपताच भाडे दुप्पट मागितले, नाहीतर जागा सोडा. आज ती पुन्हा बहिणीकडे आहे. चारपैकी दोन घरची कामे सुटली, कारण उरलेल्या दोन घरांची कमाई रिक्षात जाते.

वाडा दुरुस्त झाला हे चांगलेच झाले. पडक्या भिंतीखाली कोणी राहावे असे मी म्हणणार नाही. पण त्या एका सहीने ती भाडेकरूची परवानाधारक झाली. दोन्हींत फरक काय?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. जो भाडेकरू नियमित भाडे भरतो, त्याला कायद्यातले कारण सिद्ध केल्याशिवाय काढता येत नाही. भाडेकरू वारला तर त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क येतो. म्हणजे आपली ताई भाडेकरू होतीच. दुरुस्तीसाठी जागा हवी तर मालकाने न्यायालयात जायचे असते, आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत येण्याची तरतूद आहे. परवानाधारकाला मात्र मुदत संपली की बाहेर पडावे लागते. न पडल्यास दुप्पट रकमेची भरपाई. आता तिचीच सही तिने जुना हक्क सोडल्याचा पुरावा म्हणून पुढे केली जाते आहे.

वाडा पाडला तरी हक्क आपोआप संपत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच सांगितले.

नवरा हयात आहे, पण सोडून गेला, अशा बायकांचे काय? २००५ मध्ये अचला आनंद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, त्या भाड्याच्या घरात राहणारी टाकलेली पत्नी जागा खाली करण्याच्या दाव्यात स्वतः बाजू मांडू शकते. घटस्फोट झाल्यावर मात्र हा आधार राहत नाही, म्हणून तडजोडीत घराचा प्रश्न आधी सोडवून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही भाड्याच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, पावती कोणाच्याही नावावर असो.

आता स्वतःची चूक सांगते. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई. जागा घेताना मालक म्हणाले, "घरातल्या पुरुषाची सही आणा." मी भावाची आणली. पुढे अनामत रकमेवरून वाद झाला, तेव्हा मालक माझ्याशी बोलायलाच तयार नव्हते! करार भावाशी होता ना! दुसऱ्यांना हक्क शिकवणारी मी, घर मिळावे म्हणून गप्प बसले होते.

म्हणून आजच घरी जाऊन पावती शोधा. नाव कोणाचे आहे ते बघा. भाडे दिले की पावती मागा, ती देणे मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. कागदाचा मथळा वाचल्याशिवाय सही नको. "उद्या मैत्रिणीला दाखवून देते," एवढे म्हणायला शिका. जो मालक एक दिवसही थांबत नाही, त्याचा कागद तर नक्कीच दाखवा.

ताईचा दावा चालू आहे. पुढच्या तारखेला तिच्याबरोबर कोर्टात कोण कोण येणार, हात वर करा.